तीन दिवस एकच आकडा

हेन्डरसन गावातल्या माझ्या घरमालकांइतका संशयी माणूस अख्ख्या न्यूझीलंडमध्ये नसेल, आणि त्यांच्याइतका जीव लावणाराही नसेल. फक्त जीव लावण्याआधी ते तीनदा खात्री करून घेत. मी खोली बघायला गेलो तेव्हा या घरमालक काकांनी मला लागोपाठ तीन संध्याकाळी बोलावलं, तेच तेच प्रश्न विचारले आणि चौथ्या दिवशी फोन केला, "तिन्ही दिवस सारखाच बावळट वाटलास. सामान घेऊन ये." ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात ते मालाची तपासणी करत आणि घरी आल्यावर उरलेल्या जगाची. काकूंची आमटी, गाडीच्या चाकांतली हवा, माझे नोकरीचे अर्ज, काहीच त्यांच्या हातून एका फटक्यात पास झालं नाही.

या संशयाला धार आणली ती बिअरने. काका गॅरेजमध्ये घरची बिअर करत. पहिल्याच हिवाळ्यात पिंपातले बुडबुडे थांबले, म्हणजे बिअर आंबून झाली, असं समजून त्यांनी ती बाटल्यांत भरून टाकली. पण थंडीने यीस्ट नुसतं झोपलं होतं, साखर तशीच शिल्लक होती. उन्हाळ्यात यीस्ट जागं झालं आणि नेमकी काकूंच्या सत्यनारायणाची कथा चालू असताना बाटल्या एकामागून एक फुटू लागल्या. भूकंप समजून निम्मी मंडळी टेबलाखाली शिरली, आणि देवाने प्रसादाआधी भलतंच काही चाखलं असं काकू पुढे वर्षभर म्हणत राहिल्या. तेव्हापासून काकांचा बुडबुड्यांवरचा विश्वास उडाला. रोज संध्याकाळी ते थोडी बिअर उंच नळीत काढत आणि तिच्यात आकडे छापलेली काचेची कांडी सोडत. साखर संपत जाते तशी कांडी खाली बुडत जाते. सलग तीन दिवस ती एकाच आकड्यावर थांबली की बिअर तयार. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून म्हणे, "स्वीट ॲज, मेट, जस्ट बॉटल इट." म्हणजे झकास झालीय, भर बाटल्यांत. काका नकारार्थी मान हलवत आणि वहीत आकडा लिहीत.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर एका वर्षी पुण्याचे आकडे आले. काकांना बापाच्या मायेने वाढवणारे थोरले भाऊ हॉस्पिटलमध्ये होते, किडनीचा आजार होता. काका रोज पुतण्याला फोन करून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, विचारत. "आज निघा," काकू म्हणत. "दादा तुमची वाट बघतायत." काका म्हणत, "आकडा वाढला तर लगेच निघतो. थांबला तर ख्रिसमसच्या सुट्टीत निवांत जाऊ, महिनाभर राहू." आकडा थांबला. तीन दिवस तोच. तिसऱ्या दिवशी काका इतके खुशीत होते की त्यांनी मला चहा करून दिला. "स्थिर आहे रे," म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी दादा गेल्याचा फोन आला. विमानाने पोचायला दीड दिवस लागणार होता, आणि तिकडे कुणाला तेवढं थांबता येणार नव्हतं. भावाचं शेवटचं दर्शन काकांनी स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर घेतलं.

पिंपातली बिअर महिनाभर तशीच होती. शेवटी मीच म्हणालो, भरून टाकू. मी बाटल्या भरत होतो, काका झाकणं दाबत होते. मध्येच त्यांचा हात थांबला. "रोज फोन केला रे मी," ते म्हणाले, "पण आकडा पुतण्याला विचारायचो. कसं वाटतंय, हे खुद्द दादाला विचारायचं राहिलं." पुढची बाटली मी त्यांच्यासमोर सरकवली.

आता मी पुकेकोहेला असतो, काकांच्या घरापासून गाडीने जवळजवळ तासाभरावर. दर रविवारी काकांचा फोन येतो. "बरं वाटतंय ना?" एवढंच विचारतात आणि माझं सगळं बोलून होईपर्यंत गप्प ऐकत राहतात. परवा सर्दीने आवाज बसला होता म्हणून मी नुसतंच हं म्हणालो, तर तासाभरात काका दारात उभे. "काही नाही, सहज आलो," म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसले.