लाल रेघ चार घरं डावीकडे

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींजवळ तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलतेय, आणि गंमत म्हणजे पहिल्याच वाक्याला बरं वाटायला लागलंय.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. नाशिकच्या एका सरकारी ऑफिसात मी आकडेवारीचं काम करायची. अक्षर माझं यथातथाच, पण आलेख काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं — आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं.

तेव्हा लहान मुलांसाठी आहार केंद्रं निघाली होती. केंद्रं उघडायच्या आधीपासूनच दर महिन्याला मुलांची वजनं यायची — सायखेड्याकडच्या नदीकाठच्या गावांची, ओझरकडच्या कामगार वस्त्यांची आणि पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यांची. साहेब म्हणाले, "तीन-तीन कागद कोण बघत बसतंय? एकाच कागदावर आणा." आणले. मधोमध उभी रेघ — केंद्र सुरू झालं तो महिना. डावीकडे आधीचे महिने, उजवीकडे नंतरचं वर्ष. गावांची निळी रेघ चढली, वस्त्यांची हिरवी चढली. डोंगराची लाल मात्र आधी घसरली आणि वर्षाअखेर जेमतेम होती तिथं आली. साहेबांनी तो कागद ऑफिसभर फिरवला. मी दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाता खाता रजिस्टर चाळत होते — कशाला चाळलं, देव जाणे. नदीकाठची आणि वस्त्यांची केंद्रं जूनमध्ये उघडली होती. डोंगरातली नव्हती. पावसात घाटात ट्रक चढेना, म्हणून ती उघडली थेट दसऱ्याला. आणि मी तिन्हींना जूनच धरला होता. म्हणजे माझ्या कागदावरच्या 'नंतरच्या' पहिल्या चार महिन्यांत त्या पोरांच्या पोटात केंद्राचा एक घासही गेला नव्हता. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलेलं — वजनं घसरणारच की. लाल रेघ चार घरं, म्हणजे चार महिने, डावीकडे सरकवली, तर उभ्या रेघेनंतर तीही चढत होती, चांगली चढत होती. पेन्सिलीनं करून पाहिलं मी. मग खोडून टाकलं.

का? तासाभराचं तर काम होतं. केंद्रं कुठं चालू ठेवायची ते ठरवायची मीटिंग चार दिवसांवर होती, वेळ नव्हता असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू? कौतुक झालं होतं हो — त्यावर स्वतःच्या हातानं पाणी फिरवणं मला जमेना. एवढंच. मीटिंगमध्ये ठरलं, डोंगरात उपयोग नाही. तिथली केंद्रं बंद झाली.

महिन्याभरानं सोनीबाई एसटीनं आली. एका पाड्यावरच्या केंद्रात ती शिजवायची आणि वजनांचे कागद पोचवायची, म्हणून तिला माझंच टेबल ठाऊक.

"बाई, पोरं आताशी कुठं अंग धराया लागली होती. बंद कशापायी केलं?"

"वरून आदेश आलाय," मी मान वर न करता म्हणाले.

आदेश वरूनच आला होता. पण वर गेलेला कागद माझा होता, आणि तो चुकलाय हे त्या ऑफिसात एकट्या मला माहीत होतं. तिला सांगितलं असतं तर? नाही सांगितलं. ती नमस्कार करून गेली.

बोलले एकदाचं. छाती मोकळी झाली, खोटं कशाला बोलू. त्या पाड्यांवरची केंद्रं पुन्हा उघडली नाहीत.