बुरुजावर कोण बसवायचं

यादवरावांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सिडनीतल्या कॅसल हिलच्या त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दूध उतू गेलं की चिडायचे, मेट्रो दोन मिनिटं उशिरा आली की चिडायचे. ज्या गोष्टीवर चिडायला हवं होतं तिच्याबद्दल मात्र जन्मभर गप्प. इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून सोलापुरात तारेच्या कुंपणात कोंडलं होतं. यादवराव त्या तारेच्या आत जन्मले. पाच वर्षांचे असताना सरकारने तार काढली. पुढे ते गिरणीत फिटर झाले, मुलाला इंजिनिअर केलं. त्या मुलाने, केतनने, त्यांना सिडनीला आणलं तेव्हा एकच अट घातली होती: "बाबा, मंडळात ते जुनं काही काढायचं नाही." मुलाच्या घरी राहायचं, म्हणून त्यांनी ती पाळली.

यंदा तिथल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या किल्ले स्पर्धेला विषय दिला, 'जगातले किल्ले'. केतनची मुलगी तनया पंधरा वर्षांची. तिने निवडला स्पॅनिश लोकांनी अमेरिकेच्या वाळवंटात बांधलेला एक लष्करी किल्ला. कच्च्या विटांच्या भिंती, दोन बुरुज, आत छोटं चर्च. ज्यांच्या मुलखात तो बांधला ते अपाचे जमातीचे लोक बाहेर. अपाच्यांनी डोंगरातून छापे घातले, घोडे पळवले, फौजेला जेरीस आणलं. मग स्पॅनिशांनी वेगळी चाल खेळली. किल्ल्याजवळ येऊन राहा, दर आठवड्याला मका, मांस, तंबाखू घ्या आणि लढणं विसरा. जे पकडले जात त्यांना साखळदंड घालून कुठल्या कुठे धाडायचे.

तनया हे वाचून दाखवत होती आणि यादवराव गॅरेजमध्ये माती मळत होते.

"शिधा मोजून द्यायचे?" त्यांनी विचारलं.

"येस, आजोबा. एव्हरी वीक."

शिध्याच्या रांगेतली बावीस माणसं त्यांनी स्वतः केली, दोन दिवस खपून, बायका-पोरांसकट.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये सगळे किल्ले मांडले. प्रत्येक किल्ल्यावर महाराजांची मूर्ती हवी, असा मंडळाचा नियम. तनयाने महाराज डोंगरात, अपाच्यांच्या शेजारी ठेवले होते. कमी माणसं, ओळखीच्या वाटा, छापा घालून पसार. मग महाराज दुसरे कुठे असणार? यादवरावांना हे इतकं पटलं की ते खुशीत चहा आणायला गेले.

परत आले तर महाराज स्पॅनिशांच्या बुरुजावर. रांगेतली बावीसही माणसं बुटांच्या खोक्यात.

"काका, महाराज बुरुजावरच शोभतात ना," परीक्षक शैलेंद्र हसत म्हणाला. "आणि ती लाइन जरा डिप्रेसिंग वाटत होती. दिवाळी आहे. नो वरीज?"

या शहाण्याला काय म्हणावं? किल्ला दिसला की आपल्या लोकांना तो आपलाच वाटतो. आपण आतले, शत्रू बाहेरचा. भिंत कुणी बांधली, कुणाच्या जमिनीवर बांधली, हे विचारायची तसदी कोण घेणार! ज्यांनी माणसं साखळदंडात घातली त्यांच्या डोक्यावर याने आपला राजा नेऊन बसवला, वर हसतोय.

यादवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती माणसं बाहेर काढ," ते म्हणाले. "डिप्रेसिंग म्हणे. मी तसल्याच तारेत जन्मलो. माझी आई तसल्याच रांगेत उभी राहायची. गुन्हा काय, तर आमच्या जातीत जन्मली. तिलाही घालणार का खोक्यात?"

केतन धावत आला. "बाबा, प्लीज."

"मूर्ती डोंगरात ठेवलीत तर नियमात बसणार नाही, काका. स्पर्धेतून काढावं लागेल," शैलेंद्र पुटपुटला.

"मग काढ."

तनयाने मूर्ती उचलून डोंगरात ठेवली आणि खोक्यातली माणसं एकेक करून पुन्हा मांडली. कुणीही मदतीला पुढे आलं नाही. तिचा बापही नाही.

कार पार्कमध्ये मंडळाची माणसं घोळक्याने उभी होती. केतनने गाडीत बसून आधी काचा वर केल्या. "सगळ्यांसमोर कशाला, बाबा? माझ्या ऑफिसचे लोक होते तिथे."

"माझ्या बापाला दिवसातून तीनदा पोलिसांपुढे उभं राहून स्वतःचं नाव सांगावं लागायचं," यादवराव म्हणाले. "नाही सांगितलं तर फटके. तुला कुणी मारत नाही, तरी तू सांगत नाहीस."

मागच्या सीटवरून तनयाने विचारलं, "व्हॉट वॉज हिज नेम, डॅड?"

केतनने स्टिअरिंगकडे बघत नाव सांगितलं, जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू.

"काच खाली कर," यादवराव म्हणाले, "आणि मग सांग."