पासवर्ड टाकताना

आमच्या जिंतूरच्या जिनिंगमधले कॉम्प्युटर बघायला परभणीहून एक जण येतो. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की तो खुर्ची फिरवून कापसाच्या गाड्यांकडं बघत बसतो. मला आधी तो घमेंडी वाटायचा.

परवा त्यानं नवी सोय केली. आता ज्याच्या त्याच्या एकाच पासवर्डनं वजनकाटा, बिलं, पगार सगळं उघडतं. मालकांनी सवयीप्रमाणं, बिल काढायला म्हणून, आपला पासवर्ड केबिनमधून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडून सांगितला.

हा उठला. “मालक, लगेच बदला. आमी सगळ्यांनी ऐकलाय.”

“आपलीच माणसं हायेत की!”

“म्हणून तर. उद्या काही झालं तर आळ ह्यांच्यावरच येईल.”

मालक बदलायला बसले. आम्ही सगळेच कापसाच्या गाड्यांकडं बघत राहिलो.