पुढच्या सीटवरचं वजन

चार माणसं रोज पाऊण तास एकाच गाडीत कोंडली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. डिकीत आपोआप साठत जातात! आमची गाडी मुकुंदवाडीहून वाळूजला जाते. गाडी साळुंके साहेबांची. ते आमच्या कंपनीत क्वालिटी बघतात. पुढं डिस्पॅचचे बापू, मागं स्टोअरचे नसीरभाई आणि मी. बापूंची तब्येत भरभक्कम आणि गुडघा दुखरा, म्हणून पुढची सीट त्यांची.

*

साहेबांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, तेव्हा पेढे देताना म्हणाले, "इंजिनच नाय, तर वजन कसलं? फुलासारखी गाडी!"

सीटखाली भलीमोठी बॅटरी आहे, हे शोरूमवाल्यानं त्यांना सांगितलं होतं. पण साहेबांच्या मते बॅटरी म्हणजे सेल. रिमोटमध्ये घालतात तसे.

*

वर्षभरात टायर गुळगुळीत झाले. नवे टाकले, तेही झिजायला लागले. साहेब रोज सकाळी खिशातून व्हर्नियर काढून खाचांची खोली मोजायचे. क्वालिटीचा माणूस, रीडिंग वहीत!

एके दिवशी त्यांनी चौथं रीडिंग लिहिलं, डाव्या चाकाकडं पाहिलं, मग बापूंकडं.

"बापू, तुमचं वजन किती?"

*

टायरवाल्यानं सल्ला दिला, "चाकं अदलून-बदलून लावा, पुढची मागं करा."

साहेबांनी माणसं पुढची मागं केली. सोमवारी बापू पुढं, मंगळवारी मागं डावीकडं, बुधवारी मागं उजवीकडं. गुरुवारी फक्त ड्रायव्हरची सीट उरली. साहेबांनी त्यावरही विचार केला म्हणे!

*

सिग्नल सुटला की साहेबांच्या अंगात येतं. शेजारच्या बुलेटवाल्याला मागं टाकल्याशिवाय चैन पडत नाही. पाय दाबला, की टायर किंचाळलेच.

"पाहिला पिकअप?" साहेब खुश.

बापूंनी हळूच विचारलं, "साहेब, टायर माझ्यामुळं वरडलं का?"

"तुम्ही जरा हलला असाल."

*

बापूंनी डब्यातली एक भाकरी कमी केली. मग दुसरी. आम्ही आग्रह केला तर म्हणाले, "नको, साहेबांचे टायर जातेत." आम्ही हसलो खरं, पण मला ते अजिबात आवडलं नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी फर्मान काढलं, "बापू, सोमवारपासून तुम्ही बसनं या. राग मानू नका, हा टेक्निकल इश्यू आहे."

बापू "बरं" म्हणाले आणि गुडघा चोळत बसले. मला साहेबांचा मनस्वी राग आला. तो गुडघा घेऊन हा माणूस बसच्या पायऱ्या कसा चढणार?

नसीरभाई मात्र शांतपणे म्हणाले, "साब, पहले वजन तो करा लो. सबूत हाथ में रहेगा."

लेखी पुरावा म्हटल्यावर साहेब लगेच तयार झाले!

*

शनिवारी सुटी झाल्यावर आम्ही वाळूजच्या एका भुईकाट्यावर गेलो. तिथं ट्रक तोलतात. नसीरभाईंनी त्या दिवशी मुद्दाम स्वतःची गाडी आणली होती. तेच मॉडेल, फक्त पेट्रोलचं.

आधी बापूंना एकट्याला काट्यावर उभं केलं. बिचारे पोट आत ओढून उभे राहिले.

"पंच्याण्णव!" काटेवाला ओरडला. साहेबांनी आमच्याकडं विजयी नजरेनं पाहिलं.

मग नसीरभाईंची रिकामी गाडी चढली, उतरली. मग साहेबांची, तीही रिकामी. काटेवाल्यानं दोन पावत्या फाडून दिल्या. साहेबांनी त्या तीनदा वाचल्या. नसीरभाईंनी मान वाकवून बघितलं आणि मोबाइलवर वजाबाकी केली.

"दो सौ पचासी किलो ज्यादा. यानी साब, आपकी गाडी मेरी गाडी से पूरे तीन बापू भारी है!"

काटेवालासुद्धा खिडकीतून बाहेर डोकावला. साहेबांनी पावत्यांची घडी घातली, पुन्हा उघडली.

बापूंनी पोट सैल सोडलं, डब्याची पिशवी उचलली आणि सरळ जाऊन पुढच्या सीटवर बसले. बेल्ट लावला, काच खाली केली.

"साहेब, मी सोमवारपासून बसनं येतो. पण सीटखालच्या त्या तिघांना कधी उतरवताय?"