पंपघराची फाइल आणि वरची खुर्ची

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. साहेब तिच्याहून वयाने मोठे, पण तेही ताईच म्हणत. ताई म्हटलं की काम गळ्यात घालायला सोपं जातं. आणि काम तरी कसलं, तर पुढे गेलेलं मागे आणायचं. शहराच्या पंपघरात एक जुनाट कॉम्प्युटर होता. कुठला पंप कधी चालू करायचा नि कधी बंद, हे तो ठरवायचा, आणि तो बदलायला कुणी धजत नव्हतं. त्याला कळेल असा प्रोग्राम जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार व्हायचा. बाकी मंडळी कधीच नव्यावर जाऊन बसलेली. त्यांनी नव्यात काही केलं की ते ताईच्या टेबलावर यायचं, "ताई, तेवढं जुन्यात करून द्या ना." तेवढं म्हणे! म्हणणाऱ्याचं काय जातं?

नव्याचं जुन्यात करून देणारं बटण कुणी बनवलेलंच नव्हतं. जुन्याचं नव्यात करायला मात्र नवं सॉफ्टवेअर टपून बसलेलं असायचं. जुनी फाइल त्यात उघडली रे उघडली की विचारायचं, नव्या पद्धतीत बदलू का? एकदा हो म्हटलं की परतीचा रस्ता बंद. म्हणून ताईने ठळक अक्षरांत 'नाही दाबा' असं लिहून तो कागद टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला होता. स्वतः तर ती इतकी वर्षं नाही दाबत आली होती की घरी सासूबाईंनी पंखा लावू का विचारलं तरी तिच्या तोंडून आधी नाहीच निघायचं, आणि मग ती घामाघूम होऊन बसायची.

आता मात्र तिला यातून सुटायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या नव्या विभागात एक खुर्ची रिकामी झाली होती आणि तिथल्या प्रमुख बाईंनी तिला स्वतःहून बोलावलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काय ते ठरायचं होतं. साहेब म्हणाले होते, "नव्या पंपासाठी पंपघराची फाइल पक्की करून द्या, मग खुशाल जा." ती तिने आदल्या दिवशीच पक्की केली होती. फक्त पाठवायची बाकी होती. सकाळी नवऱ्याने ऑफिसपाशी सोडताना चिडवलं, "वर गेल्यावर आम्हाला ओळख दाखव म्हणजे झालं." ती हसतच जिना चढली.

जागेवर बसून तिने फाइल उघडली, तर जुनं सॉफ्टवेअर म्हणालं, ही फाइल मला ओळखता येत नाही. काय झालं असेल ते तिला लगेच कळलं. कुणी केलं तेवढंच विचारायचं होतं. ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, पंपघराची फाइल कुणी उघडली होती?"

"मीच. म्हटलं बघू तरी, काम कुठवर आलंय. त्याने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं."

"हो म्हटल्यावर ते जुनी प्रत एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. तो फोल्डर कुठंय?"

"तो होय? काढून टाकला. उगीच पसारा."

ताईने कपाळाला हात लावला. सर्व्हरवर प्रत होती, पण ती मागच्या महिन्यातली. नव्या पंपाचं काम तिच्यात नव्हतंच. आता बिघडलेल्या फाइलीतूनच ते उकरून काढायला हवं होतं.

ती जागेवर येऊन कामाला लागली. फाइल साध्या मजकुरासारखी उघडायची, वरचा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा जुना करायचा, मग नव्या सॉफ्टवेअरने घुसडलेल्या ओळी शोधून काढून टाकायच्या. जुनं सॉफ्टवेअर अडून बसलं की एका वेळी एकच चूक सांगायचं. ती निस्तरून पुन्हा उघडावं, तर दुसरी. ती झाली की तिसरी. सगळ्या एकदम सांगितल्या असत्या तर त्याचं काय बिघडलं असतं? एखादी ओळ जास्तीची गेली तर पंप भलत्या वेळी चालू व्हायचा, म्हणजे घाईही करता येत नव्हती. तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. डबा तसाच बंद राहिला.

मधेच पंपघराच्या काकांचा फोन आला. हे काका तिथले जुने ऑपरेटर. "ताई, पाठवताय ना? नवा पंप बसवून ठेवलाय, नुसता माझ्या तोंडाकडे बघतोय."

एकदा तिला वाटलं, मरू दे, ज्याने बिघडवलं त्याने निस्तरावं. पण काकांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? ती पुन्हा ओळी खोडू लागली.

उन्हं उतरता उतरता फाइल उघडली. तिने पाठवली, आणि काकांचा फोन आला, "चालू झाला बरं का पंप." तिचा जीव भांड्यात पडला. साहेब मागेच उभे होते. खूश होऊन म्हणाले, "बघा, हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं का? तुम्हाला सोडून आमचं कसं चालायचं?"

ती उठून सरळ वर गेली.

प्रमुख बाई पर्स आवरत होत्या. "तुम्ही? अहो, तुम्ही येत नाही असं साहेबांनी सकाळीच कळवलं. आता दुसऱ्यांना फोन करणार होते."

सकाळीच. म्हणजे ती फाइलीचं विचारायला केबिनमध्ये गेली तोवर साहेबांनी तिच्या वतीने उत्तर देऊन टाकलं होतं. आणि वर दिवसभर राबवून घेतलं. तिला संताप आला, रडूही आलं.

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

बाईंनी पर्स खाली ठेवली. "मग मी विचारते. येताय? पण एकदा आलात की परत खाली जायचं नाही. ते हाका मारतील, गयावया करतील, मी पाठवणार नाही. नीट विचार करा."

सवयीने नाही अगदी जिभेवर आलं होतं. ते मागे सारून ताई म्हणाली, "हो."

खाली येऊन तिने डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. साहेब बघतच राहिले. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ताई, आणि हा कागद?"

"असू द्या," ताई म्हणाली. "तुम्हाला लागेल."