शेवटच्या बाकावरच्या मुख्याध्यापिका

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात तक्रारीने करणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही करतो. आमच्या शाळेतल्या नववीच्या वर्गातला शेवटचा बाक पन्नाशी गाठलेल्या गृहस्थाच्या गुडघ्यांचा विचार करून बनवलेला नाही. त्याच्या फळीखाली एक आडवी लोखंडी पट्टी आहे आणि ती बरोबर गुडघ्याच्या वाटीवर येते. पाय बाहेर काढावेत तर फिरत्या शिक्षकांना अडखळवतात, आत घ्यावेत तर मुंग्या येतात. कित्येक वर्षे दर आठवड्याला एक तास मी या पट्टीशी झगडतो आहे. या छळाला सर्वस्वी जबाबदार असलेल्या व्यक्तीची आज साठी आहे आणि आपण सारे मिळून त्यांचा गौरव करीत आहोत. अशा प्रसंगी निदान एका पानावर तरी सत्याची नोंद व्हावी, एवढाच माझा हेतू.

सुगुणाबाई राव या चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. घराणे तंजावरकडचे. त्यांचे मराठी ऐकताना आपले खापरपणजोबा तमिळ हेल काढून बोलत आहेत असा भास होतो. येत्या मे महिन्यात त्या निवृत्त होतील आणि जूनपासून त्यांच्या खोलीत कोणी बसायचे, याचा विचार करताना संस्थेला माझे नाव सुचले आहे. तेव्हा हा लेख निःस्वार्थ आहे असे कृपया कोणी समजू नये. खडूची कंपनी बदलली तरी अन्याय झाल्यासारखे वाटणारी आम्ही मास्तरमंडळी बाईंच्या हाताखाली बदललो कशी, हे कोडे मला जूनच्या आत सोडवायचे आहे.

बाईंची पहिली भेट झाली ती मुलाखतीत. आमच्या सौभाग्यवतींना इथल्या मोटारींच्या कारखान्यात वरची जागा मिळाली आणि मी पोथ्यांची पेटी घेऊन त्यांच्यामागून चेन्नईत आलो. संस्कृत शिक्षकाची जागा रिकामी असल्याचे कळले. मी पदव्या, प्रशस्तिपत्रे, पाठांतर अशा सगळ्या तयारीनिशी गेलो. बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारले, "अलीकडे कायतरी शिकायला गेलात, आणि आलें नाही, असें कायतरी सांगा."

मी म्हणालो, "तमिळ. तीन वेळा सुरुवात केली. भाजीवाली अजून माझ्याशी खुणांनी बोलते."

"सरी," बाई म्हणाल्या. म्हणजे ठीक. "मग उद्यापासून या."

या उत्तराने नोकरी कशी मिळू शकते, याचा उलगडा मला बऱ्याच दिवसांनी झाला. शिकवणाऱ्याला न कळण्याची चव आठवत असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मला ती चव रोज बाजारात मिळत होती.

त्या वर्षीच त्यांनी एक नवी रीत सुरू केली. प्रत्येक शिक्षकाने आठवड्यातून एक तास दुसऱ्या विषयाच्या वर्गात मुलांबरोबर बसायचे. खुर्चीवर नाही, बाकावर. वही काढायची, फळ्यावरचे उतरवून घ्यायचे, गृहपाठही करायचा. तास संपल्यावर त्या शिक्षकाशी कॉफी घेताना एकच गोष्ट सांगायची: आपल्याला कुठे कळेनासे झाले. स्तुती करायची नाही, दोष काढायचा नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही.

नियम ऐकून शिक्षकखोलीत जो हलकल्लोळ झाला, त्याचे वर्णन मी करीत नाही. आमच्याकडे बदल नेहमी वरून येत असे. वर्षारंभी एखादे पाहुणे शिबिर घेत, पडद्यावर रंगीत बाण दाखवत, आम्ही टाळ्या वाजवत असू आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच टिपणांवरून शिकवत असू. या रीतीला बाण नव्हते, त्यामुळे टाळ्या वाजवून सुटका होण्याची सोयही नव्हती. गणिताचे वेंकटेसन सार, म्हणजे इकडच्या उच्चारात सर, सर्वांत आधी उभे राहिले. ते आवडी नावाच्या लांबच्या उपनगरातून गाड्या बदलत येतात आणि तरी आमच्याआधी शाळेत हजर असतात. त्यांच्या वर्गात पेन्सिल पडली तर तीही हळू पडते. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या वर्गात कोणी बसायचं असेल तर त्याने आधी आठवीची परीक्षा पास केलेली असावी. शास्त्री सारांचं काय करायचं? ते त्रिकोणालाही विभक्ती लावतील."

शास्त्री म्हणजे मी. मी म्हटले, "लावीन. पण एकवचनातच. एकाहून जास्त त्रिकोण मला झेपत नाहीत."

सगळे हसले. बाईही हसल्या. हुकूम मात्र त्यांनी काढला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "ज्यांस यायचें नाही त्यांनी येऊं नये. माझा इतिहासाचा तास उघडा आहे, आधी तिथें येऊन बसा." आणि महिनाभर आम्ही त्यांच्याच वर्गात बसून, त्यांच्याच तोंडावर, कुठे कळले नाही ते सांगत राहिलो. मुख्याध्यापिकांना असे सांगण्यात एक आसुरी आनंद असतो, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. त्या ऐकत आणि दुसऱ्या दिवशी तोच भाग वेगळ्या तऱ्हेने शिकवून पाहत. कधी तो आधीपेक्षाही वाईट होई. तेही सांगायची मुभा होती.

वेंकटेसन सारांचे दार मात्र बंदच राहिले. मग एके दिवशी त्यांच्या घटक चाचणीला नववीच्या शेवटच्या बाकावर, निळ्या गणवेशांच्या शेजारी, एक जरीकाठी साडी बसलेली दिसली. बाईंनी मुलांबरोबर पेपर लिहिला आणि मुलांबरोबर दिला. वेंकटेसन सार हे अत्यंत सरळ गृहस्थ. त्यांनी तो काटेकोर तपासला, बाईंना नापास केले आणि पेपर दोन्ही हातांत धरून, देवळात नैवेद्य न्यावा तसे, त्यांच्या खोलीत गेले. कार्यालयात आम्ही सारे अचानक कामात गढून गेलो होतो.

"सार," बाईंचा आवाज आला, "मजला दुसऱ्या ओळीनंतर कळेना. फिरून शिकवाल काय?"

शाळा सुटल्यावर त्याच वर्गात शिकवणी सुरू झाली. दार उघडे होते, कारण उकाडा होता. आधी चित्रकलेचे शिक्षक डोकावले, मग मी, मग आणखी दोघे. सार फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. वळून पाहतात तो अर्धा शिक्षकवर्ग बाकांवर! ते म्हणाले, "आता आलाच आहात तर वह्या काढा."

बाई खरोखर नापास झाल्या होत्या की ठरवून, हा प्रश्न मला आजतागायत छळतो आहे. मी एकदा धीर करून विचारले. त्या म्हणाल्या, "शास्त्री सार, कॉफी निवते आहे." न्यायशास्त्रात या युक्तिवादाला काय म्हणतात, ते मी शोधतो आहे.

पुढे माझी पाळी आली. सारांच्या तासानंतर कॉफी घेताना मी त्यांना सांगितले, "तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'हे उघडच आहे'. तिथे माझं सुटलं."

ते जरा चिडून म्हणाले, "पण ते उघडच आहे!"

"आमचे टीकाकारही अवघड जागी 'स्पष्टम्' लिहून पुढे सरकतात, सार. मला वाटत होतं, ही खोड फक्त आमच्याकडेच आहे."

सारांनी कॉफी संपवली आणि टंबलर विसळून ठेवला. आठवडाभराने ते माझ्या वर्गात येऊन बसले आणि बाहेर पडताना त्यांनी सव्याज परतफेड केली. "शास्त्री सार, तुम्ही म्हणालात, आधी रूपं पाठ करा, अर्थ मागाहून येईल. मी घंटा होईपर्यंत वाट पाहिली. आला नाही." त्यानंतर माझ्या वर्गात आधी गोष्ट येते आणि रूपे मागाहून येतात. माझे गुरुजी वरून पाहत असतील तर त्यांनी मला क्षमा करावी, किंवा येऊन शेवटच्या बाकावर बसावे.

आता बाईंच्या मायेविषयी. नागपूरहून आलेली तेजस्विनी आमच्याकडे विज्ञान शिकवायला लागली, तेव्हा तिला तमिळचे अक्षर येत नव्हते. ती इंग्रजीत शिकवी. "समजलं का?" असे विचारले की वर्ग एका सुरात "पुरिंजिद, मिस!" म्हणजे "समजलं" असे गाई, आणि चाचणीत कोरे कागद येत. एका दुपारी ती प्रयोगशाळेत रडताना सापडली. नागपूरला परत जायचे तिने ठरवले होते. बाईंनी तिची समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी त्या तिच्या तासाला जाऊन बसल्या. तिने प्रश्न विचारला, कोरस झाला, आणि तो थांबल्यावर मागून एक हात वर आला.

"पुरियले, मिस," मुख्याध्यापिका म्हणाल्या. समजलं नाही, मिस.

मग खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. मग आणखी एकाने. शेवटी एक मुलगी उठून आपल्या मुख्याध्यापिकांना तमिळमध्ये समजावून सांगू लागली, आणि तेजस्विनीला पहिल्यांदाच दिसले की मुलांची गाडी नेमकी कुठे अडते. पुढच्या रविवारपासून बाई तिला भाजी घ्यायला बरोबर नेऊ लागल्या. बाजारात शिरताच त्या मुक्या होत. भाव तिनेच विचारायचा, घासाघीसही तिनेच करायची. चुकली तर भाजीवाली सुधारे आणि बाई भेंड्या निवडत राहत. आज तेजस्विनी माझ्याहून चांगले तमिळ बोलते. यात तिचे कौतुक कमी आणि माझी नामुष्की जास्त आहे.

बाई निर्दोष आहेत असे लिहिले तर त्याच मला पुरावा मागतील. संस्थेचे अध्यक्ष एकदा न सांगता आले, तेव्हा बाई सहावीत बसून नकाशात नद्या भरत होत्या. शिपाई बोलवायला गेला. त्यांनी हातानेच खूण केली की कावेरी संपवून येते. अध्यक्ष थांबले, पण खूश नव्हते. अर्जांच्या बाबतीतही बाईंचा स्वभाव असाच आहे. बाकाच्या पट्टीविषयी मी रीतसर लेखी तक्रार दिली होती. त्या म्हणाल्या, "मुलें तर दिवसभर बसतात. त्यांनी कोणास अर्ज द्यावा?" पुढच्या सत्रात सुतार आला आणि उंच मुलांचे बाक बदलून गेला. शेवटचा बाक शिक्षकांचा म्हणून तसाच राहिला. माझ्या अर्जावर इतकी तत्पर कारवाई पूर्वी कधी झाली नव्हती.

परवा मधल्या सुट्टीत वेंकटेसन सारांनी मला गाठले. "शास्त्री सार, जूनमध्ये तुम्ही कुठे बसणार?"

"कुठे म्हणजे? मॅडमच्या खोलीत."

"हां," ते म्हणाले. "तेच विचारायचं होतं." आणि ते डबा धुवायला निघून गेले.

सुगुणाबाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगले दिवस येवोत, आणि निवृत्तीनंतर त्यांना जे जे शिकायचे आहे त्यात त्या मनसोक्त नापास होवोत. गुरुवारी दुसरा तास माझा असतो. त्यांची जागा तिथे राखून ठेवली आहे.

एवढे लिहून लेख संपवायला हवा, पण कोडे सुटलेले नाही. आम्ही बदललो ते मुलांसाठी, की बाईंना नाही म्हणवत नव्हते म्हणून? मला खरेच ठाऊक नाही. जूनमध्ये टपाल असेल, सभा असतील, अध्यक्ष असतील. पहिल्या आठवड्यात मी म्हणेन, आज वेळ नाही. दुसऱ्या आठवड्यात तेच म्हणेन. मग इतरही म्हणू लागतील, आणि एकेक दार पुन्हा लागेल. खोलीतली खुर्ची फार आरामाची आहे, मी बसून पाहिली आहे. माझी काळजी एवढीच आहे की तिच्यावरून उठून त्या बाकावर जाऊन बसण्याची इच्छा मला होईल की नाही.