बिनआवाजाचा डोंगा

वैनगंगेच्या आमच्या काठावरून पलीकडे, चामोर्शी तालुक्यात, माणसं नेणारा डोंगा माझा थोरला भाऊ चालवतो. आधी आमचा बाप बांबूने ढकलत तो चालवायचा. बाप गेला तेव्हा मी बल्लारपुरात मोटर वाइंडिंग नुकताच शिकलो होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो आणि भाऊच्या डोंग्याला डिझेल इंजिन बसवून दिलं. गावाने माझं कौतुक केलं, आणि मी ते बरीच वर्षं चवीने खाल्लं.

ते इंजिन वीस वर्षं भाऊच्या गुडघ्याशी भडभडत राहिलं. घरी आल्यावर त्याच्याशी ओरडून बोलावं लागायचं. आम्ही म्हणायचो, याचं लक्षच नसतं. लक्ष होतं, कान गेले होते.

मागच्या वर्षी इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर परत आला नाही. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, हँडल फिरवाले रोज कोनाच्या हातापाया पडाचं? डोंगा देऊन टाकतो म्हनून राह्यले. मंग घरी बसून काय करतीन?" भाऊ घरी बसलाय, हे चित्र मला डोळ्यांपुढे आणताच येईना.

मी रजा काढली. ई-रिक्षाची जुनी मोटर, तिच्याच बॅटऱ्या, पाण्यातला पंखा मात्र आधीचाच. हँडल नाही, फक्त एक मूठ पिळायची. भाऊने ती पिळली आणि डोंगा काठ सोडून निघालासुद्धा. त्याने फळीवर तळवा टेकवून पाहिलं आणि विचारलं, "चालू हाय का?"

पलीकडच्या बाया आमच्या काठच्या शेतांत कापूस वेचायला येतात. त्यांना आणायला आम्ही गेलो, तर काठावर चिटपाखरू नाही. त्यांचं गाव चढाच्या मागे आहे, नदीवरून दिसत नाही. तिकडे फोनची रेंजही नाही. तासभर थांबून रिकामे परतलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाळूत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं त्या बाया इंजिनाची भडभड ऐकून भाकर बांधत होत्या. आवाज आला की निघायचं, ही रीत. ती मला कुणी सांगितली नाही, कारण ती रीत आहे हे त्यांनाही ठाऊक नसावं. मी मात्र आवाजच काढून टाकला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"डिझलच लाव परत," भाऊ म्हणाला. "नाईतर डोंगाच देऊन टाकतो." डिझेल लावलं तरी हँडल कोण फिरवणार, हे दोघांनाही माहीत होतं.

"बाप काय करत होता रे?" असं म्हणून भाऊ उठला. तोंडाशी हात धरला आणि लांबलचक "होऽऽऽ" घातली. बापाची हाळी. भाऊच्या गळ्यात ती जशीच्या तशी होती, आणि एवढी वर्षं माझ्या इंजिनाखाली दबली होती. मला रडू आलं, आणि मी ते दडवलं नाही.

चढापलीकडून आवाज आला, "होऽ, येऊन राह्यलोऽ!"

भाऊ माझ्याकडे वळला. "कोनी ओ देल्ली का?"

मी मान डोलावून हो म्हटलं. डोंग्यात बाया बसल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, की याला तुमची ओ ऐकू येत नाही. भाऊला मी त्याच्या कानाशी ओरडून म्हणालो, "तुये कान माया इंजिनानं गेले." तो म्हणाला, "मले त त्याच्या कमाईवर माया पोरीले शिकवलं, थेच आठोते. तू काऊन रडून राह्यला?"

आता मी रजेवर गावी गेलो की सकाळी त्याच्यासोबत जातो. तो हाळी घालतो आणि चढाकडे टक लावून बघत राहतो. तिकडून पुढे आलेली बाई ओ देत नाही, उभी राहून डोक्यावरचा दुपट्टा सोडते आणि हलवते. "आल्या," भाऊ म्हणतो. मला विचारत नाही.